टाइमआउट झाला, पुढे काय? स्टोरेज ड्रायव्हरच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीच्या आमच्या टीमने एका जुन्या फायबर चॅनल ड्रायव्हरचा (सर्व्हरला दूरच्या डिस्कशी जोडणाऱ्या नेटवर्कचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) टाइमआउट आणि एरर रिकव्हरीचा भाग जवळजवळ नव्याने लिहिला. तेव्हापासून तेच ते प्रश्न येत राहिले आहेत. काही टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींचे आहेत, काही फोर्ट, बीकेसी आणि महाप्यात सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या मंडळींचे. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे पान. उदाहरणं लिनक्सची आहेत, कारण आमचा ड्रायव्हर तिथलाच.

टाइमआउट झाला म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

ठरलेल्या वेळात कमांडची (वाचा किंवा लिहा या आदेशाची) पोच आली नाही, एवढंच. यापेक्षा जास्त काहीही आपल्याला माहीत नसतं. सगळी दुरुस्ती या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबा.

पोच न येण्यामागे चार शक्यता असतात. कमांड अॅरेपर्यंत, म्हणजे डिस्क ठेवणाऱ्या पेटीपर्यंत, गेलीच नाही. गेली, पण अॅरे अजून तिच्यावर काम करतोय. काम झालं, पण उत्तर वाटेत हरवलं. किंवा उत्तर आपल्या कार्डापर्यंत येऊन पडलंय आणि आपल्याच ड्रायव्हरने ते उचललेलं नाही. सर्व्हरवर बसून पाहिलं तर या चारही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात.

रेल्वेत जुन्या ब्लॉक पद्धतीत दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. गाडी पुढच्या स्टेशनात वेळेवर पोचली नाही, तर मागचा स्टेशन मास्तर लाईन मोकळी आहे असं धरून दुसरी गाडी सोडत नाही. पुढच्या स्टेशनातून गाडी पूर्ण आत आल्याची खबर येईपर्यंत तो थांबतो. आमच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मास्तर घड्याळ बघून गाडी सोडत होता.

फायबर चॅनल तर भरवशाचं मानतात. मग फ्रेम हरवते कशी?

फायबर चॅनलवर डिस्कची बहुतेक सगळी वाहतूक क्लास ३ मध्ये होते, आणि क्लास ३ मध्ये फ्रेमला, म्हणजे डेटाच्या एकेका पाकिटाला, पोच नसते. टीसीपीसारखं हरवलेलं पाकीट आपोआप पुन्हा पाठवणारं खाली कुणी नाही. भरवसा आहे तो क्रेडिटचा: समोरच्याकडे जागा असेल तरच फ्रेम सोडायची. त्यामुळे गर्दीत फ्रेम सहसा पडत नाही. पण एसएफपी (पोर्टमधला प्रकाश पाठवणारा तुकडा) कमकुवत झाला, फायबरच्या टोकावर धूळ बसली, किंवा एखादा सर्व्हर इतका हळू उपसा करतो की स्विच ठरावीक काळ वाट बघून अडकलेली फ्रेम टाकून देतो, अशा वेळी ती जाते. आणि गेली की वरच्या स्कझी थराचा (डिस्कला कमांड देणाऱ्या थराचा) टायमर संपेपर्यंत कुणाला कळतही नाही.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. लेटन्सीच्या (उत्तराला लागलेल्या वेळेच्या) आलेखात बाकी सगळं १ मिलिसेकंदाच्या आत आणि मधूनच एखादा ठिपका ३० सेकंदांच्या थोडा वर, असं दिसलं तर ती डिस्क हळू नाही. कुठेतरी फ्रेम पडते आहे. आधी स्विचवर सीआरसी एरर (बिघडलेल्या फ्रेम) आणि डिस्कार्डचे (टाकून दिलेल्या फ्रेमचे) आकडे बघा, ड्रायव्हरकडे नंतर वळा.

हे ३० सेकंद कोणी ठरवले? कमी करून ५ केले तर?

लिनक्समध्ये स्कझी डिस्कचा डीफॉल्ट टाइमआउट ३० सेकंद आहे आणि तो प्रत्येक डिस्कसाठी सिसएफएसमधून (लिनक्सच्या सेटिंगच्या फाइलींमधून) बदलता येतो. पण ५ करू नका. अॅरेचा एक कंट्रोलर पडून दुसऱ्याने काम हातात घ्यायला काही सेकंद ते अर्धा मिनिटसुद्धा लागतो. त्या काळात शेकडो कमांड अडकतात. टाइमआउट ५ असेल तर त्या सगळ्या एकदम मुदतीबाहेर जातात, सगळ्यांचे अबॉर्ट (कमांड रद्द करण्याचे आदेश) त्याच धडपडणाऱ्या अॅरेवर जाऊन आदळतात, आणि आपणहून सावरला असता तो अॅरे आणखी खोलात जातो. अॅरे बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तो वापरा. सर्व्हरपासून अॅरेपर्यंतचा रस्ता तुटल्यावर लवकर कळावं, एवढीच इच्छा असेल तर त्यासाठी वेगळे टायमर आहेत, पुढे येतील.

घरगुती डिस्कची गोष्ट याच्या उलटी. खराब सेक्टर वाचायची तिची आतली खटपट ३० सेकंदांच्या पुढेही चालू शकते. रेडसाठीच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्यासाठीच्या) डिस्कवर म्हणूनच ही खटपट साधारण ७ सेकंदांत सोडून द्यायची सोय असते. लॅमिंग्टन रोडवरून साधी डिस्क आणून रेडमध्ये घालणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

वेळ संपल्यावर कर्नल काय करतं?

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पायऱ्यापायऱ्याने वर जातं. आधी त्या एकाच कमांडचा अबॉर्ट. तो जमला नाही तर त्या लनचा (अॅरेने दिलेल्या एका डिस्कचा) रीसेट, मग टार्गेटचा (अॅरेच्या पोर्टचा), मग बसचा (त्या वाहिनीवरच्या सगळ्यांचा), मग अख्ख्या होस्ट अडॅप्टरचा, म्हणजे आपल्या कार्डाचा. तरीही उत्तर नाही तर डिस्क ऑफलाइन. मधल्या पायऱ्यांवर डिस्क जागी झाली का हे एक छोटी चाचणी कमांड पाठवून बघतात, आणि तिच्यासाठी डीफॉल्ट मुदत १० सेकंदांची असते.

या पायऱ्या चढायच्या की नाही हे कर्नल ठरवतं, पण प्रत्येक पायरीवरचं प्रत्यक्ष काम ड्रायव्हर करतो, आणि काम झालं की नाही हे तोच सांगतो. कर्नल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं. पडताळणीचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नाही.

मग तुमच्या ड्रायव्हरची मूळ चूक कोणती?

अबॉर्ट पाठवून तो १० सेकंद वाट बघायचा आणि उत्तर आलं नाही तरी 'सक्सेस' सांगायचा.

ज्याने कुणी हे लिहिलं त्याचा हेतू वाईट नव्हता. 'फेल्ड' सांगितलं की रीसेट सुरू होतात, ग्राहकाची ओरड होते. त्यापेक्षा सक्सेस म्हणावं, कमांड पुन्हा जाईल, बहुतेक वेळा चालून जाईल. खरंच, बहुतेक वेळा चालूनही जायचं, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहिली.

आता सक्सेसचा अर्थ बघा. ड्रायव्हर कर्नलला सांगतो की या कमांडशी आता कार्डाचा किंवा अॅरेचा काहीही संबंध उरलेला नाही, तिची मेमरी तुझी. कर्नल ती कमांड पुन्हा पाठवतं किंवा वर एरर देतं, आणि मेमरीची ती पानं मोकळी होऊन दुसऱ्याच कामाला लागतात. इकडे अॅरे फक्त सुस्तावलेला होता. काही सेकंदांनी तो जुन्या रीडचा डेटा पाठवतो, कार्डाला आपल्या यादीत जुनाच पत्ता दिसतो, आणि ते डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, सरळ त्या पानात लिहून मोकळं होतं. पान आता डेटाबेसच्या कॅशचं असेल, दुसऱ्या प्रोसेसच्या स्टॅकचं असेल, काहीही.

आमच्या एका ग्राहकाकडे हे असंच घडलं. डेटाबेस म्हणायचा चेकसम जुळत नाही. तोच ब्लॉक कॅश टाळून डिस्कवरून पुन्हा वाचला तर अगदी बरोबर. सर्व्हर रीबूट केला की सगळं ठीक. तीन आठवडे लोक रॅम बदलत होते. शेवटी आम्ही आयओएमयू (कार्डाने मेमरीत कुठे लिहायचं यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) कडक मोडमध्ये चालू केला, म्हणजे ड्रायव्हरने पान सोडताक्षणी कार्डाचा त्या पत्त्यावरचा हक्क संपतो. दुसऱ्याच रात्री लॉगमध्ये डीएमएचा फॉल्ट आला, आणि त्याच्या काही सेकंद आधी आमच्याच ड्रायव्हरची ओळ: अबॉर्ट यशस्वी. ती ओळ वाचताना मला घाम फुटला होता.

राइटचा धोका तितकाच मोठा. समजा जुनं राइट अॅरेच्या रांगेत पडून आहे. आपण 'अबॉर्ट झालं' म्हणून ते पुन्हा पाठवलं, ते झालं, मग अॅप्लिकेशनने त्याच जागी नवा मजकूर लिहिला, तोही झाला. त्यानंतर रांगेतलं पहिलं राइट बाहेर पडलं आणि नव्यावर जुनं बसलं. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. खातेदाराची शिल्लक कालची झाली एवढंच.

मग अबॉर्ट झाला असं कधी म्हणायचं?

फायबर चॅनलमध्ये अबॉर्टसाठी एबीटीएस फ्रेम जाते. समोरून बेसिक अॅक्सेप्ट आला की तो एक्स्चेंज (एका कमांडचा सगळा संवाद) समोरच्याने सोडला. तेव्हा, आणि कार्डाच्या फर्मवेअरनेही आपल्या बाजूची नोंद मिटवल्याचं सांगितल्यावर, सक्सेस म्हणायचं. दोन्ही गोष्टी हव्यात. आमच्याकडे सुरुवातीला पहिलीच तपासली जात होती.

उत्तर आलं नाही तर मानकातला हिशोब असा. आर-ए-टीओव्ही नावाचा एक काळ असतो, डीफॉल्ट १० सेकंद. फॅब्रिकमध्ये (स्विचांच्या जाळ्यात) अडकलेली फ्रेम जास्तीत जास्त किती वेळाने अवतरू शकते, त्याच्याशी हा काळ बांधलेला आहे. एबीटीएसच्या उत्तरासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे २० सेकंद थांबायचं. मग पुन्हा एबीटीएस पाठवता येतो, किंवा त्या पोर्टशी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करता येतं. लॉगआउटने त्या पोर्टशी असलेले सगळे उघडे एक्स्चेंज संपतात, हा त्याचा फायदा आणि हाच त्याचा तोटा. आमचा जुना १० सेकंदांचा आकडा मुळातच अपुरा होता.

आणखी एक बारकावा. अबॉर्ट झालेल्या एक्स्चेंजचा क्रमांक लगेच दुसऱ्या कमांडला द्यायचा नाही. वाटेत रेंगाळलेली जुनी फ्रेम त्याच क्रमांकाने आली तर ती नव्या कमांडची समजली जाईल. क्रमांक आर-ए-टीओव्ही एवढा काळ बाजूला ठेवायचा, मग आरआरक्यू नावाचा निरोप पाठवून समोरच्यालाही तो मोकळा झाल्याचं कळवायचं, आणि मगच वापरात आणायचा. नव्या ड्रायव्हरमध्ये अशा क्रमांकांची वेगळी यादी आहे. ती लांबली तर लॉगमध्ये इशारा येतो, कारण ती लांबणं म्हणजे फॅब्रिकमध्ये काहीतरी बिघडत चाललंय.

उत्तर आणि टाइमआउट एकाच क्षणी आले तर?

येतातच. लाखो कमांडमध्ये कधीतरी ३०व्या सेकंदाला एका सीपीयूवर उत्तराचा इंटरप्ट (कार्डाची हाक) आणि दुसऱ्या सीपीयूवर टायमर, असं होतं. दोघांनीही कमांड पूर्ण केली तर तीच मेमरी दोनदा सुटते.

उपाय जुनाच आहे: प्रत्येक कमांडवर एक बिट, आणि तो अणुरूप सूचनेने, म्हणजे मध्ये कुणी शिरू शकणार नाही अशा एकाच सूचनेने, तपासून त्याच घटकेला लावायचा. ज्याने आधी लावला त्याची कमांड, दुसऱ्याने मुकाट्याने परत फिरायचं. पण एवढ्याने भागत नाही. परत फिरणाऱ्याच्या हातात अजून त्या कमांडचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, म्हणून तो किती जणांकडे आहे याची मोजणीही हवी: शेवटचा हात सुटल्याशिवाय रचना मोकळी करायची नाही.

आमच्याकडे याहून लपलेली एक चूक निघाली. अबॉर्टची वाट बघणारं फंक्शन आपलं 'कंप्लीशन' (काम झाल्यावर जागं करण्याची खूण) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनपुरत्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवायचं आणि त्याचा पत्ता कमांडमध्ये लिहून ठेवायचं. १० सेकंद संपले की फंक्शन परतायचं, स्टॅक दुसऱ्याच्या वापरात जायचा, पण पत्ता तसाच. उशिरा आलेलं उत्तर त्या पत्त्यावर जाऊन 'उठ' म्हणायचं. क्रॅश व्हायचा, तो कधी नेटवर्क कोडमध्ये, कधी फाइल सिस्टिममध्ये, कुठेही. आता परतण्याआधी लॉक (एका वेळी एकालाच प्रवेश देणारं कुलूप) घेऊन तो पत्ता पुसला जातो.

आणि ज्या लॉकसाठी टायमरचं फंक्शन थांबलेलं आहे तोच लॉक हातात धरून त्या टायमरच्या संपण्याची वाट बघू नका. दोघेही कायमचे उभे राहतात. लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासनीस) चालू ठेवला तर तो हे बहुतेक वेळा दाखवून देतो.

आधी केबल मिनिटभर काढली तरी डिस्क ऑफलाइन व्हायच्या. आता होत नाहीत. काय बदललं?

पोर्ट दिसेनासा झाला की फायबर चॅनलचा थर त्याला 'ब्लॉक्ड' करतो. म्हणजे हा परत येईल, थांबा. या अवस्थेत टाइमआउट झाला तर नुसता टायमर पुन्हा लावायचा असतो, आणि रिकव्हरी आधीच सुरू झालेली असेल तर प्रत्येक पायरीवर पोर्ट मोकळा होईपर्यंत थांबायचं असतं. यासाठी कर्नलमध्ये तयार फंक्शनं आहेत. आमचा ड्रायव्हर ती बोलावतच नव्हता. त्यामुळे नसलेल्या पोर्टला अबॉर्ट जातच नाही, फेल. नसलेल्या पोर्टला रीसेट, फेल. अशा सगळ्या पायऱ्या भराभर चढून तो शेवटी डिस्क ऑफलाइन करायचा. केबल परत लावली तरी ऑफलाइन डिस्क आपोआप परत येत नाही, कुणीतरी हाताने तिची अवस्था 'रनिंग' करावी लागते. रात्री दोन वाजता ठाण्याहून टॅक्सी करून महाप्याला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

बदल मोजून सहा ओळींचा. या दुरुस्तीतली सगळ्यात लहान आणि ग्राहकांना सगळ्यात जास्त जाणवलेली.

फास्ट आयओ फेल आणि डेव्ह लॉस, या दोन टायमरमध्ये फरक काय? किती ठेवायचे?

पोर्ट गेल्यावर दोन्ही घड्याळं एकदम सुरू होतात. फास्ट आयओ फेल संपलं की त्या रस्त्यावर अडकलेल्या कमांड परत केल्या जातात, म्हणजे मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणारा भाग) त्या दुसऱ्या रस्त्याने पाठवू शकतो. डेव्ह लॉस संपलं की तो पोर्ट आणि त्याच्यामागच्या डिस्क यंत्रणेतून काढून टाकल्या जातात.

दोन रस्ते असतील तर पहिला लहान ठेवा. मल्टिपाथचा डीफॉल्ट ५ सेकंद आहे, आणि तो चांगला आहे. दुसरा मोठा ठेवा. कर्नलचा डीफॉल्ट ६० सेकंद आहे, पण स्विचचं फर्मवेअर बदलताना त्याला रीबूट व्हायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि डिस्क जाऊन पुन्हा येण्यापेक्षा ती तिथेच थांबलेली बरी. एकच रस्ता असेल तर पहिला टायमर लहान करू नका, कारण परत केलेल्या कमांडला जायला दुसरी जागाच नाही. ती एरर सरळ फाइल सिस्टिमपर्यंत जाईल, आणि मग ती रीड-ओन्ली होईल किंवा बंद पडेल.

एक लन आजारी पडला की त्याच कार्डावरचे बाकीचे सगळे का थांबतात?

कारण लिनक्समध्ये रिकव्हरी लनपुरती नसते, होस्टपुरती असते. अबॉर्ट फसून रिकव्हरीचा धागा (थ्रेड) जागा झाला की त्या होस्टवर नवीन कमांड जात नाहीत, आणि आधी गेलेल्या सगळ्या एकतर पूर्ण होईपर्यंत किंवा मुदतीबाहेर जाईपर्यंत तो धागा कामही सुरू करत नाही. चाळीस लन असतील तर पायऱ्या चढण्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात.

यावर ई-एच (एरर हँडलर) डेडलाइन नावाची एक मर्यादा घालता येते; ती मूळची बंद असते. ती संपली की मधल्या पायऱ्या सोडून सरळ होस्ट रीसेट होतो. दुसरा रस्ता धडधाकट असेल तर हे उत्तम. दुसरा रस्ता नसेल तर ही मर्यादा घालण्यापूर्वी दोनदा विचार करा. आमच्या बाजूने खरा उपाय मात्र अबॉर्ट वेळेत आणि खरा होणं हाच आहे. तो झाला तर रिकव्हरीचा धागा जागाच होत नाही.

पुन्हा प्रयत्न किती वेळा?

डिस्कसाठी कर्नल ५ वेळा करतं. पहिला धरून ६, प्रत्येकी ३० सेकंद: लॉगमध्ये '१८० सेकंद वाट पाहिली' अशी ओळ दिसते ती यातूनच येते. ड्रायव्हरने याच्या आत स्वतःचे वेगळे प्रयत्न घालू नयेत. आमच्याकडे आत आणखी ३ होते, आणि एकेक कमांड कुणाला न कळता बराच वेळ फिरायची. ते काढून टाकले.

काय परत पाठवायचं हेही बघावं लागतं. रीसेटनंतर येणारं 'युनिट अटेन्शन' ही नुसती सूचना आहे, कमांड पुन्हा पाठवा. 'टास्क सेट फुल' म्हणजे रांग भरली. रांगेची खोली कमी करून मग पाठवा. खराब सेक्टरची एरर मात्र कुठल्याही रस्त्याने गेलात तरी तीच येणार, तेव्हा त्यासाठी रस्ता बदलू नका. आणि टेपवरचं राइट डोळे झाकून कधीही पुन्हा पाठवायचं नाही, कारण टेप पुढे सरकली की नाही हेच आपल्याला माहीत नसतं.

कार्डच मेलं असेल तर?

मग अबॉर्टचं उत्तर येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पीसीआयवरून कार्डाचा रजिस्टर वाचला आणि सगळे बिट १ आले, तर बहुतेक ते कार्ड बसवर उरलेलंच नाही. नवा ड्रायव्हर हे प्रत्येक वाट बघण्याच्या आधी तपासतो, आणि तसं असेल तर सगळ्या कमांड एकदम परत करतो. मेलेलं कार्ड डीएमए करू शकत नाही, म्हणून इथे ते सुरक्षित आहे. जुना ड्रायव्हर प्रत्येक कमांडसाठी वेगळे १० सेकंद थांबायचा.

'३० दिलं होतं, पण लगेच टाइमआउट होतो' असं का?

कर्नलचे टायमर सेकंदांत नसतात, जिफीत, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत, असतात. ३० ही नुसती संख्या दिली तर १००० एचझेडच्या (सेकंदाला १००० ठोके) कर्नलवर ते ३० मिलिसेकंद होतात, २५० एचझेडवर १२०. नेहमी रूपांतराचं फंक्शन वापरा. आणि दोन वेळांची तुलना साध्या मोठं-लहान चिन्हाने करू नका, कारण जिफी भरून पुन्हा शून्यावर येतात. ३२ बिटांच्या मोजणीत हे घडायला १००० एचझेडवर जवळजवळ ५० दिवस लागतात. कर्नल लिहिणाऱ्यांनी म्हणूनच बूटनंतर ५ मिनिटांतच ही घडी यावी अशी सुरुवात मुद्दाम ठेवली आहे. ही मला फार आवडणारी गोष्ट आहे: चूक लपू नये म्हणून घड्याळच तसं लावलं.

वीज जाऊन आली, सर्व्हर उठला, पण डिस्क दिसत नाहीत. हा टाइमआउटचाच प्रश्न का?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे. लहान ऑफिसातला यूपीएस संपला, वीज आली आणि सगळं एकदम सुरू झालं. सर्व्हर दोन-तीन मिनिटांत उठतो, मोठ्या अॅरेला त्याहून बराच वेळ लागतो. डेव्ह लॉसचा इथे उपयोग नाही, कारण या बूटमध्ये ड्रायव्हरने तो पोर्ट कधी पाहिलेलाच नाही.

अॅरे फॅब्रिकवर आला की स्विच आरएससीएन (फॅब्रिकमध्ये बदल झाल्याची सूचना) पाठवतो आणि ड्रायव्हरने नव्याने शोध घ्यायचा असतो. जुना ड्रायव्हर लॉगिन तीनदा, पाठोपाठ, काही मिलिसेकंदांत करून बघायचा आणि नाद सोडायचा. अॅरे त्या वेळी पोर्ट उघडून बसलेला पण आतून तयार नसलेला. आता दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी वाढत जातं, त्यात थोडा अनियमितपणाही आहे, म्हणजे साठ सर्व्हर एकाच ठोक्याला अॅरेच्या दारात उभे राहत नाहीत. तरीही शक्य असेल तिथे आधी स्विच, मग अॅरे, आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी चालू करा.

आमच्याकडे आयस्कझी आहे. यातलं काय लागू?

आयस्कझी म्हणजे साध्या आयपी नेटवर्कवरून स्कझी. कमांडची आणि तिच्या मेमरीची मालकी कुणाकडे, हा सगळा भाग जसाच्या तसा. आकडे वेगळे. ओपन-आयस्कझीमध्ये (लिनक्सवरच्या आयस्कझीत) ५ सेकंदांनी एक पिंग जातो आणि त्याच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबतात. कनेक्शन तुटल्यावर सेशन परत जुळायची वाट १२० सेकंद. मल्टिपाथ असेल तर ते १२० बरेच कमी करा. ते फास्ट आयओ फेलचंच भावंड आहे. एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्समध्ये (एनव्हीएमई डिस्क नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीत) कंट्रोलर गेल्यावर दर १० सेकंदांनी जोडणीचा प्रयत्न आणि एकूण ६०० सेकंद वाट, हे डीफॉल्ट आहेत.

दुरुस्ती बरोबर आहे हे कशावरून? कशी तपासलीत?

नुसती केबल काढून-लावून नाही. कुठल्याही टाइमआउटची चाचणी त्याच्या दोन्ही बाजूंना करावी लागते. टायमर ५ आणि ६० सेकंदांचे असतील तर रस्ता ३, ५, ८, ५५, ६० आणि ९० सेकंद तोडून बघितला. यातले नेमके ५ आणि ६० सगळ्यात महत्त्वाचे, कारण पोर्ट परत येणं आणि टायमर संपणं तिथेच एकमेकांना भिडतात. हे हाताने होत नाही. स्विचचा पोर्ट स्क्रिप्टने बंद-चालू करून रात्रभर चालवलं. एफआयओ (डिस्कवर भार टाकणारा प्रोग्राम) सतत लिहून वाचून पडताळत होतं, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि लॉकडेप चालू, आयओएमयू कडक.

कार्ड आणि अॅरे नसेल तर कर्नलमधला स्कझी डीबग मॉड्यूल घ्या. तो खोटी डिस्क तयार करतो आणि सांगितलं तर दर शंभरावी कमांड गिळून टाकतो, उत्तरच देत नाही. वरच्या थरांचं वागणं घरच्या लॅपटॉपवर शिकायला यासारखं साधन नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला आम्ही पहिले दोन दिवस हेच करायला देतो.

उशिरा येणारं उत्तर मात्र यातून मिळत नाही, आणि आमची मूळ चूक तर तिथेच होती. त्यासाठी टार्गेटच्या बाजूला लिनक्स बसवून त्यात उत्तर ४१ सेकंद दाबून ठेवणारा छोटा बदल केला: ३० टाइमआउटचे, १० जुन्या अबॉर्टचे, आणि वर एक. जुना ड्रायव्हर पहिल्याच मिनिटात पडला. नवा अकरा रात्री चालला.

पुन्हा अडचण आली तर तुम्हाला काय पाठवायचं?

रीबूट करण्याआधीचा कर्नल लॉग, पूर्ण. 'एरर' शब्द शोधून कापलेला तुकडा नको, कारण खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या अर्धा मिनिट आधी असतं. स्विचवरचे त्या पोर्टचे एरर काउंटर, शून्य न करता, दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा. मल्टिपाथची त्या क्षणाची अवस्था. आणि सर्व्हर, स्विच, अॅरे या तिघांच्या घड्याळांत किती सेकंदांचा फरक आहे ते, कारण तो माहीत नसेल तर तिन्ही लॉग शेजारी ठेवून काही कळत नाही. सर्व्हर अडकलेला असेल आणि क्रॅश डंप (मेमरीची नक्कल) घेता येत असेल तर तो घ्या, मग बंद करा. डंप घेण्यात गेलेली वीस मिनिटं वरिष्ठांना जड वाटली, तर त्यांना आमच्याशी फोनवर बोलायला सांगा.